मुलीची उजवी छाती भरलीच नाही: पोलंड सिंड्रोमबद्दल एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातली मुलगी, वय १६, अकरावीत शिकते. डावा स्तन वयाप्रमाणे वाढला, उजवी बाजू मात्र सपाट राहिली. उजवीकडचं स्तनाग्र बारीक आहे आणि डाव्यापेक्षा वर आहे. दोन वर्षांची असताना उजव्या हाताची आखूड, चिकटलेली बोटं सुटी करायचं ऑपरेशन झालं होतं. गावातले डॉक्टर म्हणाले, "लग्न झालं की भरेल." शहरात एका ठिकाणी सांगितलं, "पुढच्या महिन्यात इम्प्लांट टाकू, दुसऱ्या दिवशी घरी." घरातली मोठी माणसं म्हणतात, पोटुशी असताना ग्रहणात विळी हातात घेतली, त्याचं हे फळ. आईला विचारायचंय: हे कशामुळे झालं, ऑपरेशन आत्ता करावं का, आणि पुढे लग्नाचं, बाळाला पाजण्याचं काय?

ताई, आधी विळीचं बोलू. सोळा वर्षं तुम्ही तो आरोप ऐकत असणार, आणि मुलगीही तो ऐकतच मोठी झाली असणार. गर्भात हाताचा कोंब आणि छातीचा भाग शेजारी-शेजारी असतात. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे गर्भ वाटाण्याएवढा असताना, कॉलरबोनखालून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीतून होणारा पुरवठा एका बाजूला काही काळ कमी पडतो. त्या बाजूचा छातीचा स्नायू, स्तन, काहींच्या बरगड्या, काहींची बोटं यांची वाढ तिथेच अडते. बाव्हिंक आणि वीव्हर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही सर्वांत जास्त मानलं जातं. त्या दिवसांत कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हे नुकतंच कळलेलं असतं. ग्रहण, विळी, पपई, जिना चढणं यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. हे सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं बरं, म्हणून तपासणीला येताना त्यांनाही घेऊन या. मी माझ्या प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत आजीला मुद्दाम आत बोलावते.

याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. पोलंड देशाशी त्याचा संबंध नाही. आल्फ्रेड पोलंड नावाच्या तरुणाने लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये शिकत असताना एका कैद्याच्या शवाचं विच्छेदन केलं, त्यात एका बाजूचे छातीचे स्नायू नव्हते. ते त्याने १८४१ मध्ये लिहून ठेवलं. त्या शवाचा हात हॉस्पिटलच्या संग्रहालयात जपलेला होता. तब्बल १२१ वर्षांनी, १९६२ मध्ये, पॅट्रिक क्लार्कसन या प्लास्टिक सर्जनने बोटांच्या दोषाशी तो धागा जोडला आणि पोलंडचं नाव दिलं. पुस्तकांत साधारण ३० हजार जन्मांत एक असं प्रमाण देतात, पण सौम्य प्रकार कुणी दाखवायलाच येत नाही, त्यामुळे खरं प्रमाण यापेक्षा जास्त असावं असं मला वाटतं. उजवी बाजू जास्त वेळा सापडते. बहुतेक कुटुंबांत हे एकट्यालाच होतं. धाकट्या भावंडांना किंवा तुमच्या मुलीच्या मुलांना होण्याची शक्यता फारच कमी.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ: "दोन वर्षांची असताना बोटांचं ऑपरेशन झालं होतं." बोटं आखूड आणि चिकटलेली असलेलं मूल आलं की त्याचा सदरा काढून छाती बघायची असते. ते तेव्हा झालं असतं, तर तुम्हाला ही गोष्ट चौदा वर्षं आधी कळली असती आणि बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी आरशासमोर एकटी पडली नसती. हे वाचणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना, आणि शाळा-अंगणवाड्यांतून मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनाही माझी विनंती आहे: हात बघितलात की काखेची घडी बघा. अर्धं मिनिट लागतं.

काखेची घडी कशी बघायची ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मुलीला घरीच आरशासमोर उभं राहू दे. दोन्ही हात कमरेवर ठेवून जोरात आत दाबायचे. डावीकडे काखेच्या पुढे एक दोरखंडासारखी जाड कड वर येईल. तो छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर. उजवीकडे ती कड येणार नाही, काखेची पोकळी सरळ छातीत उतरलेली दिसेल. या स्नायूचे दोन भाग असतात. कॉलरबोनपासून निघणारा वरचा भाग बहुधा असतो. छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांपासून निघणारा खालचा मोठा भाग नसतो. तो नसणं हीच या आजाराची खूण. काहींना त्याखालचा छोटा स्नायूही नसतो, त्या बाजूच्या काखेत केस कमी येतात, कातडीखालची चरबी विरळ असते आणि कातडी बरगडीला चिकटल्यासारखी लागते.

म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत फक्त स्तन लहान राहिलेला नाही. कॉलरबोनखाली खोलगट भाग आहे, काखेची पुढची कड नाही आणि स्तनही नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या जागी आत बसवायची सिलिकॉनची पिशवी, यांतली एकच भरून काढतं, आणि गंमत म्हणजे कपड्याखाली झाकता येते ती नेमकी तीच. स्तनाचा आकार पॅडने भरता येतो. कॉलरबोनखालचा खड्डा आणि काखेचा भाग कुठल्याच पॅडने भरत नाही, तो कुर्त्याच्या गळ्यातून आणि बाहीतून दिसत राहतो.

हे मला एका मुलीने शिकवलं. बीएस्सीला होती. ओढणी उजव्या खांद्यावर दोन सेफ्टी पिनांनी टाचलेली, आणि खाली आईने जुन्या सुती लुगड्याच्या घड्या शिवून केलेलं पॅड. तपासायला पडद्यामागे गेली तेव्हा तिने आधी खालची पिन काढली, मग वरची, मग पुन्हा वरची लावली आणि थांबली. तिचा वेळ तिला घेऊ दिला. नंतर मी आकार, कप, मापं असं बोलायला लागले, तर ती म्हणाली, "मॅडम, स्तनाचं नंतर बघू. आधी हा खड्डा बुजवा. मैत्रिणीच्या हळदीला मला बिनबाह्यांचा ब्लाउज घालायचाय." त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुला नेमकं काय खुपतं? आईला काय खुपतं ते आई सांगतेच, मुलीचं उत्तर बऱ्याचदा निराळं असतं.

पुढच्या महिन्यात इम्प्लांट टाकू नका, असं मी स्पष्टपणे सांगते. ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पंधरा वर्षांच्या मुलीला, घरच्यांच्या आग्रहाखातर, मी दुसऱ्या बाजूएवढं इम्प्लांट घातलं. टेबलावर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या, सगळे खूश. अडीच वर्षांनी ती परत आली. चांगला स्तन तोवर वाढला होता आणि वयाप्रमाणे थोडा खाली उतरला होता. इम्प्लांट होतं तिथेच, वर, भोवती शरीराने केलेलं वेष्टण आवळून ते कडक झालेलं. वरती स्नायूचं आवरण नाही, कातडी पातळ, त्यामुळे पालथ्या घातलेल्या वाटीची कड दिसावी तशी त्याची कड दिसत होती. काखेजवळचा खड्डा होता तसाच, उलट शेजारी उंचवटा आल्यामुळे जास्त डोळ्यांत भरणारा. ते काढून सगळं नव्याने करावं लागलं. तिला दोन ऑपरेशनं जास्त सोसावी लागली, ती माझ्यामुळे.

म्हणून डावा स्तन वाढायचा थांबेपर्यंत कायमचं इम्प्लांट नाही. हा थांबा साधारण १८ च्या आसपास येतो, पण मी वयापेक्षा मोजमापावर विसंबते: वर्षभरात ब्राचा नंबर बदलला नाही आणि वजन स्थिर आहे, की वाढ थांबली असं मानायला हरकत नाही.

मात्र थांबायचं म्हणजे काहीच करायचं नाही, असंही नाही. सोळाव्या वर्षाची दोन वर्षं फार लांब असतात. मुलगी कॉलेजला जायचं टाळते का, पोहायला, खेळायला, नातेवाइकांकडे मुक्कामाला जायचं सोडलंय का, सतत पोक काढून बसते का, हे बघा. तसं असेल तर चरबीभरणी आधीही सुरू करता येते, कारण तिने पुढचे रस्ते बंद होत नाहीत.

चरबीभरणी म्हणजे तिच्याच पोटावरची, मांडीवरची चरबी बारीक नळीने काढायची आणि छातीत भरायची. माझ्या हातून आज सर्वांत जास्त होतं ते हेच, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. काढलेली चरबी आम्ही सिरिंजमध्ये उभी ठेवतो किंवा फिरवून घेतो. थोड्या वेळात तिचे तीन थर होतात: वर सुटलेलं तेल, खाली गुलाबी पाणी, आणि मध्ये पिवळी, कणीदार तुपासारखी चरबी. वापरायची ती फक्त मधली. ती एकाच जागी गोळा करून ओतली, तर आतल्या कणांपर्यंत रक्त पोचत नाही. ते मरतात आणि पुढे तिथे कडक गाठ होते. म्हणून बोथट सुईने, शेवयांएवढ्या बारीक रेघांत, थरावर थर, वेगवेगळ्या दिशांनी ती पेरत जायचं. भाताची लावणी दाट केली तर रोपं माजतात आणि दाणा भरत नाही, तसंच हे. पहिल्या वेळी माझा भर कॉलरबोनखालच्या खड्ड्यावर आणि काखेच्या कडेवर असतो. पोलंड सिंड्रोममध्ये कातडी घट्ट असते, त्यामुळे एका खेपेला मावते तेवढीच भरायची. जबरदस्ती केली की वाया जाते.

भरलेल्या चरबीतली साधारण ३० ते ५० टक्के शरीर जिरवून टाकतं. हे आधी माहीत नसेल तर तीन महिन्यांनी मुलगी रडत येते, "सगळं उतरलं." उतरणारच असतं. राहिली ती मात्र कायमची, तिच्याच शरीराची, वजनाबरोबर कमी-जास्त होणारी. म्हणून दोन खेपांमध्ये किमान तीन महिने सोडतो, आणि एकूण तीन ते पाच खेपा लागतात. ही संख्या पहिल्याच दिवशी सांगायला हवी. जिथे "एका बैठकीत काम" असं सांगतात तिथे मी प्रश्न विचारीन. ऑपरेशननंतर मांड्या आठ-दहा दिवस निळ्याजांभळ्या होतात, त्यावर घट्ट पट्टा घालायचा असतो. छातीवर मात्र दाब नको: महिनाभर पालथं झोपायचं नाही, ब्रा सैल, जड बॅग त्या खांद्याला नको.

अडचण एवढीच की काही मुली इतक्या सडपातळ असतात की काढायला चरबीच नसते. अशा वेळी मी खोटं सांगत नाही आणि दोन-तीन किलो वजन वाढवून या असं सुचवते. आणखी एक, हे आईकडे बघून विचारते: घरात मिश्री लावता का? आपल्याकडे मुलींना लहानपणीच मिश्रीची सवय लागते आणि ती तंबाखू आहे हे कुणाच्या गावीही नसतं. सिगारेटसारखीच ती रक्तवाहिन्या आवळते. चरबी असो की स्नायू, नव्या जागी रुजायला रक्त लागतं. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिश्री पूर्ण बंद, याला माझ्याकडे सूट नाही.

दुसरा मार्ग पाठीचा स्नायू पुढे आणण्याचा. लॅटिसिमस डॉर्सी हा पाठीवरचा रुंद, पसरट स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट सोडवून काखेखालून छातीवर आणता येतो. १९०६ मध्ये तांझिनी या इटालियन शल्यविशारदाने कर्करोगानंतरच्या छातीसाठी ही पद्धत सांगितली. पोलंड सिंड्रोममध्ये तिचा मोठा फायदा असा की स्नायूचं दंडाजवळचं टोक पुढच्या बाजूला बसवून काखेची कड जवळपास खऱ्यासारखी करता येते. वर्षानुवर्षं हेच मुख्य ऑपरेशन होतं, आणि बरगड्यांवर फक्त कातडी उरलेल्या रुग्णात मी आजही ते करते.

पण तुमच्या मुलीसाठी ते पहिलं पाऊल नको, असं माझं मत आहे. तिच्या उजव्या हाताची बोटं आधीच आखूड आहेत. हात शरीराकडे ओढणारा छातीचा स्नायू जन्मापासून नाही. हेच काम मागून करणारा पाठीचा स्नायू तिथे एकटा आहे आणि सगळा भार तो उचलतोय. तोही काढला तर रोजच्या जेवणाखाण्यात, लिहिण्यात फरक पडणार नाही, पण वरचं काही खाली ओढताना, पोहताना, रहाटाने पाणी शेंदताना खांदा लवकर थकेल. जिचा हात आधीच कमी आहे तिच्याकडून आणखी एक स्नायू घेताना हात आखडता घ्यावा. तो राखून ठेवा, चाळिशीत गरज पडली तर असेल.

शिवाय काही रुग्णांत तो पाठीचा स्नायूही जन्मतः बारीक असतो किंवा नसतोच. ऑपरेशनच्या टेबलावर हे कळणं फार वाईट. तपासायची पद्धत साधी आहे: मुलीचा हात माझ्या खांद्यावर ठेवायला सांगते, खाली दाबायला सांगते आणि काखेच्या मागची कड दोन बोटांत धरते. मग खोकायला सांगते. स्नायू असला तर बोटांत उसळी जाणवते. शंका राहिली तर एमआरआय. ज्या सर्जनने हे न तपासता पाठीचा स्नायू आणू असं सांगितलं, त्यांना हे तपासायची आठवण जरूर करून द्या.

इम्प्लांट मी टाकतच नाही असं नव्हे. चरबीच्या एक-दोन खेपांनी कातडी जाड आणि मऊ झाली, काखेचा भाग भरला, तरी दुसरा स्तन मोठा असेल तर आकारासाठी इम्प्लांट लागतं. तेव्हा ते भरलेल्या जागेखाली बसतं आणि कड दिसत नाही. कातडी फारच तोकडी असेल, स्तनाग्र वर अडकलेलं असेल, तर आधी एक्स्पांडर घालतो: रिकामी सिलिकॉनची पिशवी, जिच्यात दर एक-दोन आठवड्यांनी सुईने थोडं सलाइन भरत जायचं. कातडी हळूहळू ताणते आणि मग पिशवीच्या जागी कायमचं इम्प्लांट येतं. वाढत्या वयातल्या, फार खचलेल्या मुलीत हा मधला उपायही आहे, कारण दुसरी बाजू वाढेल तसं सलाइन वाढवता येतं. इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. सोळाव्या वर्षी घातलेलं कधीतरी बदलावं लागणार. अमेरिकेतली एफडीए ही संस्था सांगते की सिलिकॉन जेलचं इम्प्लांट घातल्यावर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने तिची खरखरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट्स एका दुर्मीळ प्रकारच्या लिम्फोमाशी, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाशी, संबंध आढळल्यामुळे जगभरातून परत मागवली. कोणतं इम्प्लांट घातलं, कुठल्या कंपनीचं, पृष्ठभाग कसा, त्याचं स्टिकर लावलेलं कार्ड मागून घ्या आणि आधार कार्डाइतकं जपा.

मुलग्यांच्या आया-वडिलांसाठी दोन ओळी. मुलगा जिमला जातो आणि एका बाजूलाच छाती येते म्हणून दुप्पट व्यायाम करतो. जो स्नायू नाहीच तो व्यायामाने येत नाही, चांगली बाजू फुगत जाते आणि फरक वाढतो. मुलांसाठी चरबीभरणी आहे, आणि सीटी स्कॅनवरून मापाचं बनवलेलं घट्ट सिलिकॉनचं इम्प्लांटही आहे. वाढ थांबल्यावरच. पोलीस भरतीबद्दल फार विचारतात. तिथे छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर वाढ मोजतात. फुगणं हे बरगड्यांचं आणि फुप्फुसाचं काम आहे, या स्नायूचं नाही. घेराचं माप मात्र कमी भरू शकतं. फॉर्म भरण्याआधी घरी टेपने मोजून घ्या.

तुमच्या मुलीच्या तपासण्या फार नाहीत. दोन्ही स्तनांची सोनोग्राफी, बरगड्यांसाठी छातीचा एक्स-रे, आणि पोटाची एक सोनोग्राफी, कारण काही जणांत मूत्रपिंडाची रचना वेगळी असते. बरगड्या हाताला नीट लागत असतील तर सीटी स्कॅनची घाई नको, कोवळ्या वयात विनाकारण किरण कशाला? ज्यांच्या दोन-तीन बरगड्या नसतात त्यांची गोष्ट वेगळी. तिथे खोकताना कातडीखाली फुप्फुस हलताना दिसतं, डाव्या बाजूला असेल तर हृदय उजवीकडे सरकलेलं असू शकतं, आणि आधी छातीचा पिंजरा दुरुस्त करावा लागतो. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण हात लावून बघितल्याशिवाय मी ते नक्की म्हणणार नाही.

पाजण्याबद्दल. उजव्या बाजूला दूध येईल ते अगदी थोडं किंवा येणारच नाही. डावा स्तन पूर्ण काम करतो आणि एका स्तनावर बाळ व्यवस्थित पोसतं, जुळी नसतील तर वरचं दूध लागेलच असं नाही. चरबीभरणीने डाव्याला काहीच होत नाही. डावा स्तन लहान करून किंवा उचलून उजव्याशी जुळवू असं कुणी सुचवलं तर ते बाळंतपणांनंतर, आणि तिलाच हवं असेल तर. सोळाव्या वर्षी तिच्या एकुलत्या धड स्तनावर सुरी चालवायला मी तयार होणार नाही. पुढे चाळिशीनंतर इतर बायकांसारखी मॅमोग्राफी दोन्ही बाजूंची करायची. न वाढलेल्या स्तनातही गाठ होऊ शकते. आणि चरबी भरलेली आहे हे रेडिओलॉजिस्टना आधी सांगायचं, म्हणजे तेलाच्या साध्या गाठीला ते भलतं काही समजणार नाहीत.

लग्नाबद्दल तुम्ही तीनदा लिहिलंय. "लग्न झालं की भरेल" हे तर खोटंच आहे, जो भाग गर्भात घडला नाही तो संसाराने घडत नाही. मी बघितलेल्या मुलींपैकी काहींनी ऑपरेशनच्या आधी सांगून लग्न केलं, काहींनी ऑपरेशन करून, एक-दोघींनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं आणि त्यांचंही नीट चाललंय. कुणाला, कधी, किती सांगायचं हे तिने ठरवायचं. फक्त स्थळ येणार आहे म्हणून तारीख काढू नका. पाच खेपांचं काम वर्ष-दीड वर्षाचं असतं, साखरपुडा ठरल्यावर त्यातलं काही होत नाही.

पैशाचं. बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींमध्ये जन्मजात दोषांचे दोन प्रकार केलेले असतात, आतले आणि बाहेर दिसणारे, आणि बाहेर दिसणारे वगळलेले असतात. एजंटच्या तोंडी शब्दावर न जाता ते कलम स्वतः वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे, पुण्यात ससून, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तुम्हाला ससून जवळचं. सरकारी ठिकाणी रांग मोठी असते, पण खेपाखेपांनी करायच्या कामाला महिन्यांचं अंतर असतंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि विचारताना "स्तनाचं कॉस्मेटिक" म्हणू नका. "जन्मजात छातीचा स्नायू नाही, पोलंड सिंड्रोम" असं म्हणा, कारण ते तसंच आहे. खासगीत गेलात तर डॉक्टरांची पदवी बघा: एम.सीएच. किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरी. एकूण किती खेपा आणि प्रत्येकीचा खर्च किती, हे कागदावर घ्या.

येत्या आठवड्यात करायचं ते एवढंच. पॅड घरीच शिवत असाल तर त्यात कापूस भरू नका, घामाने गोळा होतो आणि वर सरकतो. स्तनाच्या कर्करोगानंतर बायका वापरतात ते सिलिकॉनचं पॅड आणि खिशाची ब्रा सर्जिकल दुकानात मिळते. त्याचा लहान नंबर तिला बसेल, आणि वजनामुळे ते जागेवर राहतं. येताना बोटांच्या ऑपरेशनचा जुना कागद सापडला तर आणा. आणि तपासणीच्या दिवशी, ताई, सुरुवातीला तुम्ही सगळं सांगा, मग दहा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसा. आत नर्सताई असतील. तुमच्यासमोर ती जे बोलणार नाही, ते मला त्या दहा मिनिटांत ऐकायचंय.